'अपरोक्ष' नव्हे, 'परोक्ष'

प्रश्न असा आहे: 'माझ्या अपरोक्ष' बरोबर की 'माझ्या परोक्ष'? आणि त्याऐवजी 'पश्चात' चालेल का?

'परोक्ष'. वह्यांमधला हा 'अ' मी वर्षानुवर्षं लाल शाईने खोडतो आहे. परवाच एका निबंधात वाक्य आलं, 'बाईंच्या अपरोक्ष मुलांनी दंगा केला.' म्हणजे बाईंच्या डोळ्यांदेखत केला! 'अक्ष' म्हणजे डोळा. डोळ्यांसमोर ते प्रत्यक्ष, डोळ्यांपलीकडे ते परोक्ष. त्याला 'अ' लावला की गोष्ट पुन्हा डोळ्यांसमोर येते. वेदान्तातला 'अपरोक्षानुभव' हा असा समोरासमोरचा अनुभव.

फोड मात्र 'पर + अक्ष' अशी शिकवू नका. संधी करून पाहा, 'पराक्ष' होईल. पाणिनीच्या संस्कृत व्याकरणावर पतंजलीने लिहिलेल्या महाभाष्यात 'पर'चा 'परो' करून घ्यायची सोय आहे. मला ती ओढाताण वाटते. 'परस्' म्हणजे पलीकडे, हे अव्यय ऋग्वेदातच आहे: 'परो दिवा', द्युलोकाच्या पलीकडे. परस् + अक्ष = परोक्ष. सरळ विसर्गसंधी.

आणि आता खरा खजिना. पाणिनीचं सूत्र आहे 'परोक्षे लिट्' (३.२.११५). बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी क्रियापदाचं वेगळं रूप, तेच 'लिट्': बभूव (झाला), जगाम (गेला). पण परोक्ष नेमकं कशाला म्हणायचं? पतंजली मतं नोंदवतो: कोणी म्हणतात १०० वर्षांपूर्वीचं, कोणी म्हणतात दोन-तीन दिवसांपूर्वीचं, तर कोणी म्हणतात भिंतीआडचं किंवा चटईआडचं. मला ती चटई फार आवडते. एवढासा आडोसा, आणि क्रियापद बदलतं! मग स्वतःबद्दल लिट् कसा वापरणार? परंपरेतलं उदाहरण आहे, 'सुप्तोऽहं किल विललाप'. झोपेत मी म्हणे बडबडलो. तो 'म्हणे' पाहिलात? लिट् मराठीत उतरला नाही, पण 'किल'चं काम आपला 'म्हणे' चोख करतो. 'रात्री म्हणे पाऊस पडला' म्हणणाऱ्याने पाऊस पाहिलेला नसतो. 'म्हणे'ला भरीचा शब्द समजून सोडून देणं मला मुळीच मान्य नाही. ते मराठीचं परोक्षाचं चिन्ह आहे, असं माझं ठाम मत आहे.

आगंतुक 'अ' माझ्या मते 'अप्रत्यक्ष'च्या वळणाने आला. गैरहजेरी म्हटली की नकार हवासा वाटतो, आणि 'परोक्ष'मध्ये तो कानाला ऐकू येत नाही. 'रूढ झालं, म्हणून बरोबर' म्हणणाऱ्या अभ्यासकांना माझा सवाल आहे: 'अपरोक्षानुभव' हीसुद्धा रूढीच ना? एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ चालवलेत, तर वाचणाऱ्याने कुठला घ्यायचा?

'पश्चात' राहिलाच. 'त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुलं आहेत' हे माणूस गेल्यावर लिहितात. चार दिवस रजेवर गेलेल्याला तो लावू नका. 'ते नसताना' म्हणा.