बाहेर मुलाखती घ्यायला तीन हजारांच्या आत कोणता माईक घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या मुलाखती मोबाइलवर घ्यायच्या आहेत, बजेट तीन हजार, आणि दुकानदार मोबाइलच्या डोक्यावर बसणारा लांबुळका माईक तुमच्या गळ्यात मारतोय. मी नाशकात बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: तो घेऊ नका. कॉलर माईक घ्या, तोही वायरचा.

कारण साधं आहे. बोलणारा माणूस नीट फ्रेममध्ये यावा म्हणून मोबाइल सहा फुटांवर उभा असतो, आणि त्यावरचा माईकही तिथेच. शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी लावलेला माईक तोंडापासून वीतभर लांब. सहा फूट म्हणजे आठ विती. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलनं उतरतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, म्हणजे १८ डेसिबल तुम्ही आधीच घालवलेत. शेजारच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर मात्र जिथल्या तिथे ओरडतोय. लांबुळका माईक बाजूचे आवाज थोडे दाबतो, पण लांबचं बोलणं जवळ ओढून आणत नाही. दुकानात दोन फुटांवरून ऐकवतात, तेव्हा अर्थातच छान वाटतो.

मी सुरुवात बोया बाय-एम१ या वायरच्या कॉलर माईकवर केली आणि तो अजून बॅगेत असतो. हजाराच्या आसपास मिळतो, वायर सहा मीटर. त्यावर एक बारका स्विच आहे, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. कॅमेऱ्याला जोडताना आतला एलआर४४ सेल लागतो, फोनला लागत नाही. तुमच्या फोनला इअरफोनचा गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा कनेक्टर घ्यावा लागेल. तो घेताना मात्र दुकानातच माईक लावून रेकॉर्डिंग करून बघा. काही कनेक्टरमधून गाणी ऐकू येतात, पण माईक चालत नाही. आणि माईकवर नखानं टकटक करा. ती मोठ्यानं ऐकू आली नाही तर फोन स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करतोय. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा नावाचं फुकट अॅप आहे, त्यात बाहेरचा माईक निवडता येतो.

आता वारा. माझी पहिली फजिती गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला झाली. मे महिना, सुरेख संध्याकाळ, एक मासेमार काका चाळीस मिनिटं मनापासून बोलले. घरी येऊन ऐकतो तर नुसती फडफड. माईकसोबत येणारा काळा स्पंज श्वासाची फुंकर अडवतो, मोकळ्या मैदानातला वारा त्याला जुमानत नाही. वाऱ्याच्या धक्क्यानं आवाजाची पातळी पार वर जाऊन कापली जाते, आणि कापलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. त्यावर उपाय म्हणजे केसाळ टोपी, जिला सगळे डेडकॅट म्हणतात. केसांमध्ये वारा अडखळतो, बोलणं आत जातं. उरलेल्या पैशांतून ही आधी घ्या. मी त्या वेळी पोरीच्या जुन्या टेडीचा कान कापून माईकला घातला होता. दोन वर्षं टिकला. (पोर अजून ऐकवते.)

माईक लावणं हे निम्मं काम. खळ लावलेला कडक सदरा घासतो, खांद्यावरचं उपरणं घासतं. ‘तात्या, उपरणं जरा मागे घ्या’ म्हटलं की ते हसत घेतात. ताई असतील तर मंगळसूत्राचे मणी माईकवर आपटत राहतात, म्हणून माईक पदराच्या काठाला, मण्यांपासून बाजूला लावा. वायर आतून त्यांची त्यांनाच ओवून घेऊ द्या. क्लिपपाशी वायरचा एक छोटा वेढा ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तरी खरखर माईकपर्यंत पोचत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन रंगात आलेल्या बोलण्यात फोन वाजतो.

वायरलेसचं म्हणाल तर बागेतून चालत चालत बोलायचं असेल तरच. स्वस्तातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायही तिथेच, आणि मधे माणसाचं शरीर आलं की सिग्नल तुटतो. पाचशे-सहाशेवाल्यांमध्ये गोंगाट कमी करायची सोय असते, ती चालू केली की माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. ती बंद ठेवा.

रामकुंडावर किंवा २०२७च्या कुंभात येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकेक प्रश्न विचारायचा असेल तर कॉलरला लावत बसू नका. तोच माईक टोपीसकट चिमटीत धरून त्यांच्या हनुवटीखाली न्या.

आणि ओझर-पिंपळगावच्या बाजूला असाल तर सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की गप्प थांबा, त्याला कुठलाच माईक पुरा पडत नाही. ते गेल्यावर शेवटचं वाक्य परत म्हणायला सांगा, आणि तात्या उठायच्या आत इअरफोन लावून पहिलं अर्धं मिनिट ऐकून घ्या.