पिसं उपटणारा ग्रे पोपट घरी आणताना

ओळखीच्या कुटुंबाला नकोसा झालेला आफ्रिकन ग्रे, वय बारा. छातीची पिसं उपटतो, किंचाळतो, चावतो, आणि ते लोक पिंजऱ्यासकट फुकट द्यायला तयार आहेत. आणावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : आणा, पण नुसती दया आली म्हणून नको. नीट सांभाळलेला ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. तुमच्यानंतर त्याचं कोण करणार, हे आधी घरात बोलून घ्या. घरात कुणाला दमा असेल तर मात्र नकोच. ग्रेच्या पिसांतून सतत बारीक पांढरी भुकटी झडते.

असे पोपट बिघडलेले नसतात. पिल्लू असताना लाडात येतात, वयात आले की चावू लागतात आणि माणसं हात आखडता घेतात. थव्यात राहून दिवसभर खाणं शोधणारा हा पक्षी. इथे वाटीत दाणे आयते मिळतात आणि बाकीचा दिवस रिकामा जातो.

पिसं उपटणं हा स्वभाव समजू नका, आधी पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा. विषाणू, शिसं किंवा जस्त पोटात जाणं, यकृताचा त्रास, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढल्याने अ जीवनसत्त्वाची कमतरता, यातलं काहीही असू शकतं. एक खूण पाहा : डोक्यावर स्वतःची चोच पोचत नाही. तिथलीही पिसं गेली असतील तर आजाराची किंवा दुसऱ्या पक्ष्याची शंका घ्यावी. वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी पिसं परत येतीलच असं नाही. तो तसाच उघड्या छातीचा राहिला तरी तुम्हाला चालणार असेल, तरच हो म्हणा.

किंचाळण्यावर सगळ्यात जास्त घरं हरतात. सकाळ-संध्याकाळचा कलकलाट नैसर्गिक आहे, तो राहणारच. मधल्या वेळचं किंचाळणं बहुतेकदा आपणच शिकवलेलं असतं : तो ओरडला की कुणीतरी धावत येतं, रागावायला का होईना. म्हणून किंचाळण्याला उत्तर देऊ नका, पण हळू शीळ घातली, पुटपुटला, की लगेच ओ द्या, दुसऱ्या खोलीतून का होईना. सुरुवातीला आवाज वाढेल. नेमक्या त्याच वेळी माणसं कंटाळून जवळ जातात आणि पोपट शिकतो की आणखी जोरात ओरडायला हवं. घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने वागायला हवं. एकाने जरी नियम मोडला तरी सगळं मुसळ केरात.

चावण्याआधी तो सांगतो. डोळ्याची बाहुली झरझर लहान-मोठी होते, मानेची पिसं फुलतात, अंग मागे जातं. अशा वेळी हात पुढे करू नका. दांडीजवळ बदामाचा तुकडा ठेवा आणि बाजूला व्हा. पहिले काही आठवडे एवढंच पुरे.

पहिल्याच दिवशी खाणं बदलू नका. नव्या पेलेट, म्हणजे पोपटांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, ओळखीच्या बियांत थोड्या थोड्या मिसळा आणि रोज सकाळी, खाण्याआधी, ग्रॅममध्ये वजन करा. पोपट आजार लपवतो, वजनाला ते जमत नाही. दहा टक्के घट दिसली तर थांबू नका, डॉक्टर गाठा. नॉनस्टिक भांडी मात्र तो येण्याआधीच काढून टाका. जास्त तापली की त्यांचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. अॅव्होकाडो आणि चॉकलेटही विषारी. घरात आधीचे पक्षी असतील तर याला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

त्या कुटुंबाकडून कागदपत्रं मागून घ्या. २०१७ पासून आफ्रिकन ग्रे साइट्स कराराच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात आहे, त्यामुळे तो कुठून आला याचा पुरावा लागू शकतो. शिवाय तो काय खायचा, कुठे झोपायचा, कुणाच्या हातावर यायचा, कशाला घाबरतो, हे सगळं विचारून लिहून ठेवा. आणि जमलं तर आणण्याआधी चार-पाच वेळा त्यांच्याकडेच जाऊन त्याच्यापाशी नुसते बसा.