‘बालबोध’ ते ‘आनंद’ : मुलांच्या पुस्तकांचा प्रवास

प्रश्न : माझी नात आठ वर्षांची आहे. तात्पर्य असलेली गोष्ट वाचायला दिली की ती शेवटच्या दोन ओळी सरळ सोडून देते. मुलांसाठी लिहायचे ते काही शिकवण्यासाठीच, अशी आमच्या पिढीची समजूत होती. मराठी बालसाहित्याचा उगम कधी झाला, त्यात कोणते प्रकार येतात आणि बोध हेच त्याचे मूळ प्रयोजन होते का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : उगम गोष्टीचा विचारायचा की छापील पुस्तकाचा, हे आधी ठरवावे लागते, कारण दोहोंची उत्तरे पाच शतकांहून अधिक अंतराने वेगळी येतात. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे ही गोष्ट तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त आढळते, तेथे चिमणीच्या जागी साळुंकी आहे, इतकेच. या गोष्टीला तात्पर्य चिकटवता येईल, पण ऐकणाऱ्या मुलाचे लक्ष तिकडे नसते. कावळा बाहेर पावसात भिजतो आहे आणि चिऊताई आत बाळाला न्हाऊमाखू घालून, तीट लावून मगच दार उघडणार आहे, या लांबणीत त्याला गंमत वाटते. ‘अडगुलं मडगुलं’ किंवा भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी यांचीही जात हीच. आज्या-आयांनी तोंडी सांभाळलेल्या या ठेव्यात नाद आणि खेळ अगोदर येतात. बोध आला तर मागाहून.

छपाई आली ती मात्र शाळेचे बोट धरून. तंजावरच्या सरफोजी राजांनी 1806 मध्ये इसापाच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर करवून घेतले. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ 1828 मध्ये निघाली. नव्या शाळांना वाचनाची पुस्तके हवी होती आणि ती शिकवणारीच असावीत, ही अपेक्षा त्या काळी स्वाभाविक होती. गमतीचा भाग असा की ‘बाळमित्र’ मूळचे बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे आणि मराठीत आले इंग्रजीवरून. म्हणजे आपण अस्सल देशी संस्कार समजतो तो आज्ञाधारक, सद्गुणी मुलगा बराचसा परदेशातून आलेला आहे.

पुढचा बदल मासिकांच्या नावांतच वाचता येतो. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नाव ‘बालबोध’, वा. गो. आपटे यांनी 1906 मध्ये काढलेल्या मासिकाचे नाव ‘आनंद’. ओकांनी चरित्रे, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती नेटाने पुरवली, त्यांचे श्रम थोर होतेच. पण मुलाने वाचताना आनंदी व्हावे हा हेतू शीर्षकावर यायला पंचवीस वर्षे लागली.

प्रकारांची यादी शिशुगीत, लोककथा, परीकथा, नीतिकथा, साहसकथा, चरित्र, विज्ञानकथा, नाटक, चित्रपुस्तक अशी करता येईल, परंतु सगळ्यांची वाढ सारखी झाली नाही. कथेत ना. धो. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आले, तेव्हा मूल स्वतः घडामोडी घडवू लागले. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ मुलांची की मोठ्यांची, हा वाद मला अजून सुटलेला वाटत नाही. ती वाचून रडणारे बहुधा मोठेच असतात. कवितेत विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (1961) आणि ‘एटू लोकांचा देश’ (1963) यांनी उपदेशाला चक्क रजा दिली. रंगभूमीवर सुधा करमरकरांचे ‘मधुमंजिरी’ 1959 मध्ये आले आणि नंतर रत्नाकर मतकरींच्या राक्षस-चेटकिणींनी मुलांना खुर्चीतून उठवले. चित्रपुस्तक आपल्याकडे उशिरा रुजले. मजकूर आणि चित्रे दोन्ही स्वतः करणाऱ्या माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत चित्र हे शोभेसाठी नसून अर्धी गोष्ट तेच सांगते.

तेव्हा मूळ प्रयोजनाविषयीची आपली शंका रास्त आहे: बोध हे छापील बालसाहित्याचे पहिले प्रयोजन होते, गोष्टीचे नव्हे. नात शेवटच्या दोन ओळी सोडते, ते तिला गोष्ट आधीच कळलेली असते म्हणून. तिला थांबवू नये. विंदांच्या कविता आपण मोठ्याने वाचाव्यात, तिला आवडतील. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत; त्यांतला कोणता उघडायचा, हे तिलाच निवडू द्यावे.