आडतीचा जुना डॉस प्रोग्राम विंडोज 11 वर कसा चालवायचा?

सावद्याच्या केळी आडतीतला फॉक्सप्रो या जुन्या डॉस डेटाबेसमधला हिशोब नव्या मशीनवर उघडत नाही, त्यात बिघाड कशाचाच नाही. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येते आणि 64 बिट विंडोजमध्ये डॉसच्या काळातले 16 बिट प्रोग्राम चालवणारा भागच नसतो. म्हणून कंपॅटिबिलिटी मोडवर टिचक्या मारत बसू नका.

डॉसबॉक्स-एक्स हा विंडोजमध्ये डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम टाका. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनलाय, हिशोबाला तो नको. जुन्या मशीनवरचं अख्खं फोल्डर आणा. नुसत्या डीबीएफ म्हणजे टेबलांच्या फाइली आणल्या तर मेमोतला मजकूर असलेल्या एफपीटी आणि इंडेक्सच्या सीडीएक्स मागे राहतात, मग टेबल उघडताना एरर येते. फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत, स्पेस न देता ठेवा. त्याला डॉसबॉक्स-एक्सच्या माउंट कमांडने सी ड्राइव्ह करा आणि ही ओळ त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या, सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक विभागात लिहून ठेवा, रोज टाइप करायला नको.

खरी डोकेदुखी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, छापण्याची. प्रोग्राम एलपीटी1 हे जुनं प्रिंटर पोर्ट शोधतो, प्रिंटर असतो यूएसबीवर. कॉन्फिगमध्ये पॅरलल1 ला प्रिंटर आणि प्रिंटआउटपुटलाही प्रिंटर द्या. डॉट मॅट्रिक्सवर मात्र ते चित्र म्हणून छापलं जातं, त्यामुळे पट्टी रखडत निघते.

रोजचा बॅकअप प्रोग्राम बंद करूनच घ्या.