'मेट्रोसेक्शुअल' या शब्दात 'सेक्शुअल' कुठून आलं?

क्रीम लावणाऱ्या, भुवया कोरणाऱ्या पुरुषाच्या नावात 'सेक्शुअल' कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की हा शब्द मुळात टोमणा होता.

तो घडवला मार्क सिम्पसन या ब्रिटिश पत्रकाराने. १५ नोव्हेंबर १९९४ च्या 'द इंडिपेंडंट'मध्ये त्याचा लेख आला. निमित्त होतं 'जीक्यू' मासिकाने भरवलेल्या पुरुषांच्या फॅशन प्रदर्शनाचं. शहरात राहणारा, खिशात पैसा खुळखुळणारा तरुण हेच आता जाहिरातदारांचं नवं गिऱ्हाईक, असं त्याचं म्हणणं. 'मेट्रोपॉलिटन'चं (महानगरी) डोकं घेतलं आणि 'हेटरोसेक्शुअल'सारख्या (भिन्नलिंगी) शब्दांचं धड. (ग्रीकमध्ये 'मेतेर' म्हणजे आई आणि 'पोलिस' म्हणजे नगर, म्हणून मेट्रोपोलिस ही मातृनगरी. रुळांवरची मेट्रोही याच घरची.)

पुढची आठ वर्षं शब्द जवळजवळ पडूनच होता. जुलै २००२ मध्ये सिम्पसनने 'सलोन' या संकेतस्थळावर पुन्हा लिहिलं आणि नमुना म्हणून फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमला उभं केलं. 'सेक्शुअल'चा उलगडा इथे होतो. हा माणूस समलिंगी आहे की भिन्नलिंगी, याला महत्त्वच नाही, कारण त्याचं प्रेम स्वतःवरच जडलंय, असं तो लिहितो.

मग शब्द अमेरिकन जाहिरातवाल्यांच्या हाती लागला. त्यांनी आत्मप्रेमाचा डंख काढून टाकला आणि 'बायकांकडेच ओढा असलेला, पण नीटनेटका पुरुष' असा विकाऊ अर्थ चिकटवला. जून २००३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो उचलला आणि अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषा-अभ्यासकांच्या संस्थेने त्याला २००३ चा 'वर्षाचा शब्द' ठरवलं. आपल्याकडे इमामीची पुरुषांसाठीची गोरेपणाची क्रीम २००५ ची, म्हणजे गिऱ्हाईक इथेही तयारच होतं.

दोन घोटाळे टाळा. लैंगिक कल सांगायला हा शब्द वापरू नका, तसा त्याचा अर्थच नाही. आणि 'मॅनस्केपिंग'शी त्याची गल्लत करू नका. तो 'मॅन' आणि 'लँडस्केपिंग' यांचा जोड, आणि त्याचा संबंध फक्त अंगावरचे केस काढण्या-कातरण्याशी.

२०१४ मध्ये सिम्पसननेच 'स्पोर्नोसेक्शुअल' हा पुढचा शब्द काढला: कपडे नव्हे, जिममध्ये कमावलेलं शरीरच मिरवणारा पुरुष. पण तो काही फारसा रुळला नाही. माझ्या मते उच्चारायलाच अवघड.