पेशी हलली नाही, तर आधी जेल लाव

अगं, डीएनएच्या घडीवर बसवलेल्या आरजीडी पेप्टाइडला (पेशीला पकड देणारा प्रथिनाचा छोटा तुकडा) धरून पेशी हलली नाही म्हणून लगेच पेप्टाइडला दोष देऊ नकोस. आधी जेल लाव (डीएनए आकारानुसार वेगळं करून दाखवणारी चाचणी), डीएनए ओरिगामी, म्हणजे डीएनएचा धागा दुमडून केलेली ती घडी, शाबूत आहे का बघ. सुधारित एम13 विषाणूच्या 7249 बेसच्या धाग्याची ती घडी मॅग्नेशियमवर तगते. आपल्या बफरमध्ये ते 12 मिलिमोलरच्या आसपास, पेशींच्या माध्यमात जेमतेम 1. वर सीरममधले न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए कापणारे एन्झाइम, कुरतडायला टपलेलेच. माझे पहिले तीन महिने यातच गेले. म्हणून घडीला ऑलिगोलायसिन-पेग या संरक्षक पॉलिमरचा लेप दे. दोन आरजीडींमधलं अंतर 70 नॅनोमीटरपुढे गेलं की इंटिग्रिनची, म्हणजे पेशीच्या पकडणाऱ्या प्रथिनांची, पकड ढिली पडते. आणि पेप्टाइड नसलेली तीच घडी कंट्रोलला, म्हणजे तुलनेला, हवीच, नाहीतर मी आकडे बघणारसुद्धा नाही. मायक्रोस्कोपवरचं टाइमलॅप्स चित्रण रात्रभर चालेल; तोवर सेवउसळ खाऊन ये. फक्त बडोद्याच्या मे महिन्यात एसी बंद पडला की फोकस सरकतो, तेवढं वॉचमनकाकांना सांगून जा.