धान्य वाढवल्यावर शेळीच्या पोटातल्या जिवाणूंचं नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांपूर्वी शेळ्यांचं धान्य जवळजवळ दुप्पट केलं, वजनं छान भरली, पण आता लेंड्या मऊ पडतात आणि एखादी शेळी अधूनमधून खाणं सोडते. धान्यामुळे पोटातले चांगले जिवाणू मरतात का, आणि प्रोबायोटिकची (जिवंत, उपयोगी जिवाणूंची) पावडर दिली तर ते भरून येतील का?

काही जिवाणू मरतात, बरेचसे मागे पडतात, आणि नुसत्या पावडरीने ते भरून येत नाहीत. पशुपोषण शिकत असताना मी कितीतरी दिवस शेळ्यांच्या कोटीपोटातला (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यातला) रस सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात घालवले, आणि पुढे बरीच वर्षं स्वतः शेळ्या पाळल्या. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चाऱ्यावर असलेल्या निरोगी शेळीचा कोमट रस काचेवर घ्यायचा आणि तो थंड व्हायच्या आत बघायचा. अक्षरशः जत्रा भरलेली दिसते. अंगभर किंवा तोंडाशी केस असलेले प्रोटोझोआ, म्हणजे जिवाणूंपेक्षा मोठे एकपेशीय जीव, गरगर फिरत असतात, एकमेकांना धडकतात, चाऱ्याच्या तंतूला चिकटतात. थोडं धान्य खाल्लेल्या शेळीच्या रसात आयोडीनचा थेंब टाकला, की याच प्रोटोझोआंच्या पोटात निळे-काळे ठिपके उमटतात. ते त्यांनी गिळलेले स्टार्चचे कण. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण प्रोटोझोआनं गिळलेला कण जिवाणूंच्या तावडीतून काही तास सुटतो आणि सावकाश पचतो. आता अचानक पोटभर धान्य खाऊन आजारी पडलेल्या शेळीचा रस बघा. जत्रा उठलेली असते. प्रोटोझोआ जवळजवळ नाहीतच, रसाला आंबट वास, आणि काचेवर फक्त गोल जिवाणूंच्या माळा आणि काड्या.

हे कसं होतं? शेळी चारा खाते, पण तो पचवतात जिवाणू. ते त्याचं आम्लात रूपांतर करतात, मुख्यतः ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. ही आम्लं कोटीपोटाच्या अस्तरातून रक्तात जातात आणि शेळीची निम्म्याहून जास्त ऊर्जेची गरज त्यांतूनच भागते. तंतू फोडणारे फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस हे जिवाणू सावकाश वाढतात आणि त्यांना सामू (pH, आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७ लागतो. ६ च्या खाली गेला की त्यांचं काम मंदावतं. धान्य वाढलं की स्टार्च खाणाऱ्यांची संख्या वाढते, जिवाणूंची विविधता घटते आणि प्रोपिओनिक आम्लाचा वाटा वाढतो. प्रोपिओनिकपासून शेळीचं यकृत ग्लुकोज बनवतं. तुमच्या शेळ्यांची वजनं भरली ती याच बदलामुळे. म्हणून ‘धान्य म्हणजे विष’ असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. करडांच्या बाबतीत तर थोडं धान्य हवंच असतं, कारण त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरिक आम्लामुळे कोटीपोटाच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे वाढतात आणि करडू चारा पचवायला लवकर तयार होतं.

माझ्या मते खरा घोळ वेगाचा आहे. स्टार्च आणि साखर मुबलक मिळाली की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू अर्ध्या तासाच्या आतच दुप्पट होऊ शकतो. साखर कमी असते तेव्हा तो बऱ्यापैकी सभ्य वागतो. ती भरपूर असली की मात्र लॅक्टिक आम्ल बनवू लागतो, आणि हे आम्ल आधीच्या तिघांपेक्षा सुमारे दहापट तीव्र. सामू साडेपाचाच्या खाली घसरला की स्वतः स्ट्रेप्टोकॉकसही थकतो, पण तोवर लॅक्टोबॅसिलस पुढे आलेले असतात. ते आम्लात आरामात राहतात आणि आणखी लॅक्टिक आम्ल बनवतात. सामू ५ पर्यंत किंवा त्याखाली गेला की शेळीच्या जिवावर बेततं. कोटीपोटातल्या जिवाणूंच्या अभ्यासाचा पाया घालणारे रॉबर्ट हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्येच मेंढ्यांना जादा धान्य देऊन जिवाणूंमधली ही उलथापालथ नोंदवून ठेवली आहे.

लॅक्टिक आम्ल खाणारे जिवाणूही पोटात असतात. मेगास्फेरा आणि सेलेनोमोनास ही त्यांतली दोन नावं. पण त्यांची वाढ सावकाश होते, आणि धान्य हळूहळू वाढवलं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत ते पुरेसे होतात. अस्तरावरचे उंचवटे वाढून आम्ल झटपट शोषू लागायला त्याहून जास्त, चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र खुराक दोन दिवसांत दुप्पट करतो.

त्यात लाळेची भर. लांब चारा खाल्ला की शेळी तासन्‌तास रवंथ करते, आणि लाळेतून येणारा बायकार्बोनेट पोटातलं आम्ल मारत राहतो. धान्याला फारसं चघळावं लागत नाही. म्हणजे आम्ल वाढतं त्याच वेळी त्यावरचा उतारा कमी होतो.

आता तुमच्या मऊ लेंड्या. कोटीपोटात आणि लहान आतड्यात न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात जातो. तिथेही जिवाणूंची वस्ती आहे, पण लाळ पोचत नाही, स्टार्च गिळून ठेवणारे प्रोटोझोआ नाहीत आणि अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. तिथे आंबणं सुरू झालं की आधी लेंड्या एकमेकींना चिकटून गठ्ठ्यानं पडतात, मग लगदा होतो, कधी वर शेंबडासारखं आवरण दिसतं. तुमच्याकडे हेच चालू असावं असा माझा अंदाज आहे, पण जंतांमुळेही असंच होतं, म्हणून लेंड्यांची तपासणी जरूर करून घ्या. आणखी एक भीती आंत्रविषाराची. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू आतड्यात थोड्या संख्येने असतोच. स्टार्चचा लोंढा आला की तो झपाट्यानं वाढून विष सोडतो, आणि कळपातलं सगळ्यात चांगलं खाणारं, सगळ्यात गुटगुटीत करडू सकाळी मेलेलं सापडतं. याची लस असते. धान्य वाढवायच्या आधीच ती टोचलेली हवी.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका रात्री गोठ्याशेजारच्या खोलीचं दार उघडं राहिलं आणि माझी एक दोन वर्षांची शेळी भरड्याच्या पोत्याला लागली. सकाळी ती कोपऱ्यात मान खाली घालून उभी, दात खात होती. डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खळग्यात) मूठ दाबली तर नेहमीची मळलेल्या कणकेसारखी घट्ट जाणीव नाही, आत पाणी हिंदकळत होतं. कारण आम्ल साठलं की रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि शेळी आतून सुकते. डॉक्टरांनी सलाईन दिलं, पोट रिकामं केलं, नंतर दुसऱ्या निरोगी शेळीचा रस पाजला. ती वाचली. चूक मी पुढे केली: आठव्या दिवशी ती नीट खाते आहे असं बघून पूर्वीएवढा खुराक सुरू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अवस्था. एकदा अस्तर भाजलं आणि जिवाणूंची घडी मोडली की दुसरा झटका थोड्या धान्यानंही येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तुमच्या पावडरीचं उत्तर यातच आहे. पोटाचा सामू घसरलेलाच राहिला तर बाहेरून टाकलेले जिवाणूही टिकत नाहीत. जिवंत यीस्टचा थोडा उपयोग होतो, ते लॅक्टिक आम्ल खाणाऱ्यांना हातभार लावतं, पण खुराक तसाच ठेवून नुसतं यीस्ट देण्यात अर्थ नाही. निरोगी शेळीचा रस पाजणं हा वेगळा प्रकार. त्यात अख्खी वस्तीच येते, आणि तो डॉक्टरांच्या हातूनच व्हावा.

मी तुमच्या जागी असतो तर उद्यापासून धान्य निम्म्यावर आणलं असतं आणि सकाळी आधी लांब कोरडा चारा, तो खाऊन झाल्यावर धान्य, तेही दिवसातून दोन-तीन वेळा विभागून दिलं असतं. पीठ देत असाल तर थांबवा. शेळी अख्खं किंवा जाडं भरडलेलं धान्य नीट चावून खाते आणि त्यातला स्टार्च सावकाश सुटतो. गहू आणि बार्ली झपाट्यानं आंबतात, मका आणि ज्वारी त्या मानानं हळू. लेंड्या आठवडाभर सुट्या आणि टणक पडल्या की मगच पुन्हा वाढवायला घ्या, आणि तीन आठवडे लावून वाढवा. खाण्याचा सोडा वेगळ्या भांड्यात ठेवला तर शेळ्या लागेल तसा चाटतात, फक्त बोकडांसमोर तो कायम ठेवू नका. धान्यात फॉस्फरस जास्त असल्यामुळे त्यांना मुतखड्याचा धोका आधीच असतो, सोड्यानं लघवी अल्कधर्मी होऊन तो वाढू शकतो.

एखादी शेळी रवंथ करायची पूर्ण थांबली, तोल जाऊ लागला, किंवा मान मागे वळवून वर बघत राहिली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. ते शेवटचं लक्षण बहुधा थायमिन (जीवनसत्त्व ब-१) कमी पडल्याचं असतं. पोट आंबलं की थायमिन नष्ट करणारे जिवाणू वाढतात. इंजेक्शन वेळेत मिळालं तर शेळी उठते.

तुम्ही कोणतं धान्य देता, दळून की अख्खं, आणि खाणं सोडणारी शेळी दर वेळी तीच असते का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.